सात घरांचा बेघर हवालदार

आदरणीय सुभेदार संतरामभाऊ यांना, हवालदार भावसिंगचा कडक सॅल्यूट आणि मागाहून साधा रामराम. (सॅल्यूट तुमच्या हुद्द्याला, रामराम तुमच्या गुडघ्यांना. सेनगावच्या जीपमध्ये पाय दुमडून बसू नका असं मागेच सांगितलं होतं, ऐकलं नसणारच.) वहिनींना नमस्कार. यंदा तुमचं सोयाबीन बरं उतरलं असं कळलं, आनंद वाटला. इकडे आम्ही मजेत आहोत. फक्त घर नाही.

आमचं मातीचं घर मी पुण्यात वॉचमन असताना पावसात बसलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. परत येऊन पाहतो तर नुसता चौथरा. सरहद्द राखली, भिंत राखता आली नाही. तेव्हापासून संसार तांड्यातल्या सात घरांत पांगलाय. माझी काळी ट्रंक देविदासकडे, खाट नाईकांकडे, मिराबाईचं जातं वसरामकडे, आणि आम्ही दोघं नवरा-बायको ज्या घरी भाजी चांगली त्या घरी. (मिराबाई म्हणाली होती, भाजीचं कुठं बोलू नका. बोललो नाही, लिहिलं.)

आता राज्य सरकारनं मनावर घेतलंय की एकही माजी सैनिक बेघर राहता कामा नये. हिंगोलीला मेळावा झाला. मोठा मांडव, थंड पाणी आणि लांबलचक भाषणं. आम्हा बेघरांना एकेक शाल आणि कडुलिंबाचं एकेक रोप दिलं आणि सांगितलं, घरासमोर लावा! मी ते रोप तेलाच्या डब्यात घालून सात दारांवरून फिरवतोय. पण खोटं कशाला बोलू, त्याच मांडवात घरकुलासाठी माझं नावही लिहून घेतलं. खरोखर बेघर आहे का, ते बघायला साहेब येतील म्हणाले.

इथंच घोड्यानं पेंड खाल्ली. साहेब काय बघायला येणार हे आमच्या तांड्याचे प्रमुख उत्तमसिंग नाईक यांना कळलं आणि ते उसळले. "आपल्या तांड्यात फौजी बेघर? आमी काय मेलो व्हय? सरकारपुढं तांड्याचं नाक कापून राहिला का तू?" झालं. तपासणीच्या दिवशी सकाळपासून सडा-सारवण. साहेब जीपमधून उतरताच नाईकांनी त्यांना थेट स्वतःच्या घरात नेलं आणि माझी खाट दाखवून सांगितलं, हे भावसिंगचंच घर. भिंतीवर वर्दीतला माझा फोटो होताच. (रिटायर झालो तेव्हा हौसेनं घरोघर वाटला होता. भोगतोय.) मग वसराम कसा मागं राहील? त्यानं साहेबांना आपल्याकडे ओढून जातं दाखवलं. देविदासनं ट्रंक उचलून आणली, तिच्यावर पांढऱ्या रंगात माझं नाव. साहेबांनी सात घरी चहा घेतला, सात घरी माझा फोटो पाहिला आणि शेवटी विचारलं की हवालदार, तुमची एकूण घरं किती?

मी धीर करून म्हणालो, "साहेब, मला एकबी घर न्हाई." तर देविदासची सून पुजा डोळ्याला पदर लावून म्हणते, "काहून असं बोलता, काका? आमचं काय चुकलं?" भाऊ, गोळीबारात मी कधी मान खाली घातली नव्हती, तिथं घातली. साहेब शेरा मारून गेले. आता उलट विचारणा आलीय की इतकी घरं असताना घरकुल मागितलंच कसं.

हसू नका. तांड्याच्या मायेत काही कमी नाही, पण मला माझं घर पाहिजे. परवा मिराबाई म्हणाली, "सात घरात जेवाया भेटतं, पण एकाबी घरात तुमच्याशी भांडता येत न्हाई." खरंच आहे. दुसऱ्याच्या घरात नवरा-बायको पाहुण्यासारखे गोड बोलतात. दोन वर्षं गोड बोलून आम्ही एकमेकांना परके वाटायला लागलो होतो. म्हणून हल्ली दिवेलागणीला आम्ही आमच्या पडक्या चौथऱ्यावर जातो, पोटभर भांडतो आणि हसत जेवायला परततो.

पत्र लांबलं. लोभ आहेच, तो गुडघ्यांसकट सांभाळा.

आपला,
भावसिंग
(मुक्काम पोस्टमनला विचारावा.)

ता. क. : मंगळवारी फेरतपासणी आहे. तांड्यातलं कुणीही मला बेघर म्हणणार नाही, त्यांची जीभच रेटत नाही. तुम्ही बाहेरचे, त्यातून सुभेदार, त्यातून मिशा. या आणि साहेबांना सांगा की ह्या माणसाला घर नाही. पत्र एवढ्यासाठीच लिहिलं.

आणखी ता. क. : तुम्हाला बोलावतोय हे नाईकांना कळलंय. 'भावसिंगच्या घरी' तुमच्या मुक्कामाची तयारी सुरू आहे, बोकडही ठरलाय. आधी जबानी, मग बोकड. तुम्ही खाल्ल्या मिठाला जागणारे आहात, म्हणून भीती वाटते.

शेवटचं ता. क. : साहेब येतील तेव्हा आम्ही दोघं चौथऱ्यावर भांडत असू. आवाजाच्या रोखानं त्यांना घेऊन या. उघड्यावर भांडणारं जोडपं पाहिलं की सरकारलाही कळेल. मिराबाई आधी लाजत होती, पण आत्ताच तिनं हे पत्र वाचलं, त्यात भाजीचं सापडलं, आणि मंगळवारचं भांडण पक्कं झालं. तणतणत गेली आणि डब्यातलं रोप चौथऱ्यासमोर लावून आली. मी म्हणालो, अगं, घर कुठाय? म्हणाली, "झाडाला बी टाइम लागतो. सावली तयार राहू द्या, घर येईल मागून."