जुना कॅमेरा मी नेलाय

चिमे,

त्या दिवशी शाळेतून फोन आला, तोवर तुझ्या आईने सातवीच्या तीन वर्गांचे फोटो काढले होते. चौथा वर्ग बाकांवर उभा राहत होता. ती जरा खाली बसली, ती उठलीच नाही.

आज अकराला जुने कॅमेरे विकत घेणाऱ्या दुकानातला माणूस तिचा डीएसएलआर न्यायला येईल. त्याला रिकाम्या हाताने परत पाठव. कॅमेरा माझ्याकडे आहे.

तुझा नवा मिररलेस कॅमेरा चांगला आहे, मी कुठे नाही म्हणतो? हलका आहे, माणसांचे डोळे आपणहून शोधतो. तुझ्या कामाला तोच वापर. पण "बाबा, हा ठोकळा आता मोडीत" हे माझ्यासमोर पुन्हा म्हणायचं नाही. तिने सुरू केलेली सातवी तिच्याच कॅमेऱ्याने पुरी होईल.

डोळा लावतो तिथलं बारीक चाक तिच्या नजरेला जुळवलेलं आहे. काल तू ते माझ्यासाठी फिरवायला गेलीस आणि मी खेकसलो. चुकलं माझं. पण चाक फिरवायचं नाही. मला धूसर दिसतं, दिसू दे. फोकस कॅमेरा धरतो, मी नाही.

मुख्याध्यापकबाई फोनवर म्हणाल्या, "तुम्ही काढणार? तुम्ही तर लाइटचे स्टँड धरायचात."

म्हटलं, "तीस वर्षं धरले. आज बटण दाबतो."

भात झाकून ठेवलाय. दुपारी कॅमेऱ्यातलं कार्ड तुझ्याकडे देईन. आईचे तिन्ही वर्ग त्यातच आहेत, मी अजून उघडून पाहिलेले नाहीत. प्रिंट काढायचे राहिलेत.

बाबा