बाबांच्या गाडीतला दिवा आणि मधली फळी

मी, जुन्या ट्रकांचे दिवे शोधून, दुरुस्त करून बसवणारी, बाजारात ‘दिवेवाली’ म्हणून ओळखली जाणारी बाई, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. हृदय ठिकाणावर नाही असं डॉक्टर म्हणतात, पण मृत्युपत्राला डोकं पुरतं असं वकीलबाईंनी सांगितलं आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आजवर कोणी तशी हिंमत केलेली नाही.

साक्षीदार म्हणून शेजारचे पेंटर आणि समोरचे टायरवाले बसले आहेत. पेंटरांचा चष्मा घरी राहिला, म्हणून लिहिते ते मोठ्याने वाचूनही दाखवते. दुकानाच्या मधल्या फळीपलीकडे कोणाला ते ऐकू गेलं, तर त्याला माझा इलाज नाही.

१. राहत्या दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक माझ्या मुलाला. तो लांब असतो. फोनवर म्हणतो, “आई, दुकानातलं सगळं किलोवर देऊन मोकळी हो.” उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! पोरगा गुणी आहे, पण इंडिकेटर कुठला आणि टेललॅम्प कुठला हे त्याला आजही सांगता येत नाही. म्हणून दुकानातला एक स्क्रूसुद्धा त्याला नाही. बाळा, रागावू नकोस. स्वयंपाकघरातला नळ गळतो, तेवढा बघून घे.

२. टायरवाल्यांनी मागून नेलेला मोठा पाना आजपासूनच त्यांचा; तो वारशात धरू नये. (हे वाचताना ते रस्त्याकडे बघत आहेत.)

३. मांडणीवरचे हेडलॅम्प जोडीजोडीने लावले आहेत. जोडी फोडून विकू नये. एकाच गाडीवर म्हातारे झालेले दोन दिवे सारखेच पिवळे पडतात; एक जुना, एक नवा लावला की गाडी डोळा मारते आहे असं वाटतं. गिऱ्हाईक “एकच द्या हो” म्हणून कितीही गळ्यात पडलं, तरी देऊ नये. कोपऱ्यावरचा भंगारवाला माझ्याकडून जुन्या काचा नेऊन नव्याकोऱ्या म्हणून विकायचा. त्याला दुकानाच्या पायरीपर्यंत येण्याची परवानगी आहे. आत नाही.

४. दुकान आम्हा दोघी बहिणींचं, निम्मं-निम्मं. मी दिवे आणि वायरिंग बघते. धाकटी सीटा, दारांचं रेक्झीन आणि केबिनच्या छताचं कापड शिवून बसवते. माझा निम्मा हिस्सा धाकटीला. अट एकच: तिने दुकान स्वतः चालवावं. ती नको म्हणाली तर माझा हिस्सा मुलाकडे जाईल, आणि महिन्याभरात माझे दिवे तराजूत पडतील. मरणाची मला एवढी भीती नाही, जेवढी त्या तराजूची आहे.

पण तिला विचारायचं कसं? आम्ही बोलत नाही. दुकानाच्या मधोमध फळी आहे आणि निरोप गिऱ्हाइकाच्या तोंडून जातात. मी म्हणते, “पलीकडच्यांना सांगा, वायर टाकून झाली.” ती म्हणते, “अलीकडच्यांना सांगा, कळलं.” ड्रायव्हर लोकांना आता त्याची सवय झाली आहे.

५. कारण लिहून ठेवते, म्हणजे मागाहून कोणी तिखटमीठ लावायला नको. आमचे बाबा ट्रक चालवायचे. ते गेल्यावर गाडी विकली. पुष्कळ वर्षांनी, जुन्या गाड्या तोडतात तिथे मी टेललॅम्प शोधत होते, तेव्हा एका डॅशबोर्डवर खिळ्याने कोरलेलं मांजर दिसलं. मांजर मी लहानपणी कोरलेलं, मिशा धाकटीच्या. गाडी ओढून दुकानामागे आणली. दोघींनी मिळून केबिन पहिल्यासारखी करायची ठरवली.

केबिनच्या कामाचा क्रम ठरलेला असतो: आधी वायर, मग छत. कापड ताणून बसवलं की आत हात जात नाही. केबिनच्या छतातल्या बाबांच्या दिव्यासारखी दुधी काच शोधत मी वणवण फिरले. सापडली तशी धावत आले, तर हिने छत लावून बंद केलेलं! माझं डोकं फिरलं. चाकू घेतला आणि दिव्याच्या जागी, मधोमध, कापड फाडलं. त्या दिवशी मी माझ्या बाजूने प्लायवूड बोल्टने आवळलं. संध्याकाळी तिने तिच्या बाजूने. फळी एक दिसते, पण आहेत दोन. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशा आम्ही दोघी.

६. माझी शेवटची इच्छा: मी गेल्यावर माझी फळी काढावी. बाबांच्या गाडीचं छत धाकटीने पुन्हा लावावं, आणि ती दुधी काच छताच्या मधोमध, जिथे कापलं आहे तिथे

इथे लिहिणं थांबवावं लागलं. वकीलबाई, पुढचं खोडू नका. पलीकडचं शिलाई मशीन मघाशीच बंद झालं होतं.

“मधोमध नव्हता दिवा,” फळीपलीकडून आवाज आला. “बाबांच्या डोक्यावर होता. दाराच्या बाजूला.”

पेंटर सवयीने माझ्याकडे वळले. “त्या म्हणतायत की...”

“मला ऐकू येतं!” मी म्हटलं. मग फळीला विचारलं, “कशावरून?”

“तू सीटमागच्या फळकुटावर झोपायचीस. गाडी थांबली की मी बाबांच्या मांडीवर. दिवा लागला की टकलाला चटका बसतो म्हणून ते टोपी घालायचे.”

टोपी मला आठवते. का घालतात हे मी कधी विचारलं नव्हतं.

“आणि वायर मी टाकली होती. दाराच्या कोपऱ्यात, कापडाच्या आत. कापण्याआधी हात तरी फिरवून बघायचास!”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“चाकू घालण्याआधी मला कोणी विचारलं? मग नंतर मी कशाला सांगू?”

मागे गाडीकडे गेलो. ती तिच्या दाराने, मी माझ्या. बाबांच्या सीटवर चढून मी कोपऱ्यातल्या कापडावर बोटं फिरवली. गाठ लागली. धाकटीने दोन टाके उसवले आणि लाल-काळी वायर बाहेर आली, टोकाला तिच्याच दोऱ्याने बांधलेली. जन्मभर दिवेवाली म्हणवून घेतलं आणि बाबांच्या दिव्याची जागाच चुकले. मला लाज वाटली, आणि रडूही आलं. टायरवाल्यांनी बॅटरी आणली. मी दिवा जोडला आणि तो लागला. उजेड डॅशबोर्डवरच्या मांजरावर पडला.

“मिशा वाकड्या काढल्यास,” मी म्हटलं.

“मांजरच वाकडं होतं,” ती म्हणाली.

दुरुस्ती: कलम ६ रद्द. माझी फळी मी काढली, तिची तिने. गंजलेले बोल्ट टायरवाल्यांनी माझ्याच पान्याने सोडवले. कलम ४ कायम. अटीबद्दल धाकटीने “बघू” असं उत्तर दिलं आहे. आमच्या घरात बघू म्हणजे हो.

“माझी सही कुठे?” तिने विचारलं.

“ज्याला मिळायचं त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. वकीलबाईंनी बजावलंय.”

“मग मी काय करू?”

“छत लाव. मी आहे तोवर.”

तिने छताच्या भोकाच्या फाटक्या कडा बोटांनी जुळवून बघितल्या. मग म्हणाली, “आधी तू वायर पक्की कर, ताई. मग मी छत बंद करीन. या वेळी तुला सांगून.”

वरील सर्व मी लिहिलं, वाचून दाखवलं, आणि मधेच मला टोकण्यात आलं तेही मला मान्य आहे.

सही: दिवेवाली

साक्षीदार:
१. पेंटर (चष्म्याविना, ऐकून)
२. टायरवाले (पाना परत करतो म्हणाले, नको म्हटलं)

दिनांक: ११ फेब्रुवारी

स्थळ: आमचं दुकान