खांब क्रमांक तीन आणि चार

मी, दत्तोबा सयाजी पांढारकर, वय वर्षे एकाहत्तर, कंपनीच्या टूलरूममधून सुपरवायझर म्हणून निवृत्त, राहणार आकुर्डी गावठाण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी भरीस पाडलेले नाही. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हाच दाखला चार वर्षांपूर्वी, घराचे काम काढले तेव्हा मागितला असता, तर डॉक्टरांनी दोनदा विचार केला असता.

वकील म्हणाले, कोणाला काय द्यायचे तेवढेच लिहा, कथा लिहू नका. पण कथा सांगितल्याशिवाय हे घर कोणाच्या नावावर करणे म्हणजे फसवणूक होईल. म्हणून लिहितो.

कलम १. घर. आकुर्डी गावठाणातील, सोळा फूट रुंद आणि बावीस फूट लांब, तळमजला व वर दोन मजले असलेली माझ्या नावाची मिळकत. जमीन कारखान्यांत गेली तेव्हा एकोणीसशे एकोणऐंशी साली माझ्या वडिलांनी तळमजला आणि पहिला मजला बांधला. दुसरा मजला मी चढवला. चतुःसीमा: पूर्वेस गल्ली, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस चतुराबाईंची मोकळी जागा, उत्तरेस लक्ष्मणरावांचे घर आणि मधली भिंत. ही भिंत त्यांची की आमची, या वादात आमचे बोलणे बावीस वर्षे बंद आहे. सरकारी मोजणीप्रमाणे ती निम्मी निम्मी आहे. हे मला मोजणीच्या दिवसापासून माहीत होते. माझ्या पश्चात मुलाने ते लक्ष्मणरावांना सांगावे.

सदर घर मी मुलगा रणजीत याला देतो. माझी पत्नी कौशल्याबाई हिला त्यात हयातभर राहण्याचा हक्क राहील. बँकेतील ठेव मुलगी पूनम, राहणार पिंपळे सौदागर, हिला देतो. परंतु या घरात पुढे राहण्याआधी माझ्या सर्व वारसांनी कलम २ वाचावे. ते वाचल्याशिवाय कोणी तिथे एक रात्रही काढू नये.

हे वाक्य लिहिताना मला वरून आवाज येतो आहे. सून तनुजा दुसऱ्या मजल्यावर माझ्या नातीचे पाढे घेते आहे. तरी मी उठून वर जात नाही, लिहीतच बसलो आहे.

कलम २. खांब. रणजीतच्या कुटुंबाला जागा पुरेना म्हणून दुसरा मजला चढवायचे आणि सगळे घर नव्याने करायचे ठरले. घर पाहावे बांधून म्हणतात. इंजिनिअर विजयश्री देवकर यांनी चार जुने खांब तपासून लेखी दिले की आतल्या सळया गंजल्या आहेत. चारही खांबांभोवती नव्या सळयांचा पिंजरा बांधून काँक्रीट चढवा, मगच वर वजन टाका. त्यांनी खांबांना क्रमांकही दिले. एक आणि दोन पुढचे, तीन आणि चार मागचे.

आता माझ्याविषयी. मी कंपनीत अकरा वर्षे लागोपाठ खर्चकपातीचे बक्षीस घेतलेला माणूस आहे. पाच बोल्टच्या जागी चार, चार मिलिमीटर पत्र्याच्या जागी तीन. शॉपमध्ये मला ‘कपात’ म्हणत. “कपात आला रे, नट-बोल्ट झाकून ठेवा.” मला त्याचा अभिमान होता, खरे सांगायचे तर आजही थोडा आहे. पण तिथे माझी प्रत्येक सूचना क्वालिटीवाले मशीनवर बहात्तर तास हादरवून बघत आणि मगच होय म्हणत. तीनदा नाही म्हणाले, तेव्हा मी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. घरी क्वालिटीवाले कोणी नव्हते. कपात सुचवणारा मी आणि पास करणाराही मीच.

खांब एक आणि दोन मी बांधून घेतले, कारण ते रस्त्यावरून दिसतात. तीन आणि चार तसेच ठेवले आणि वरून काळे ग्रॅनाइट लावले. वरून कीर्तन, आतून तमाशा. वाचलेल्या पैशांत सागवानी दरवाजा आला, पितळी पाटी आली, गच्चीला काचेचे कठडे आले. गल्ली बघायला लोटली. विजयश्री मॅडमना ‘मागचे काम दिवाळीनंतर’ असे सांगितले आणि पुन्हा फोन केला नाही. त्यांनी दोन पत्रे पाठवली. ती विम्याच्या फाइलमध्ये आहेत.

गवंडी नवनाथ याने ग्रॅनाइट लावायच्या दिवशी थापी खाली ठेवली होती. म्हणाला, “काका, ह्ये दोन बी बांधून घ्या. मागं हाईत म्हून खांबाला वजन कमी लागतं व्हय?”

मी म्हणालो, “तू तुझं काम कर. इंजिनिअरिंग मी बघतो.”

टूलरूममध्ये जन्म काढलेल्या माणसाला लोखंड कळते. मला वाटले, काँक्रीटही कळते.

दोन पावसाळे झाले आणि मागच्या खोलीचा दरवाजा चौकटीला घासू लागला. मी खांब क्रमांक तीनवरचा ग्रॅनाइटचा एक तुकडा काढला. आत उभी भेग होती. कंपनीत दोन भागांतली फट मोजायला पातळ पात्यांचा जुडगा वापरतात, त्याला फीलर गेज म्हणतात. पहिल्या दिवशी पंधराचे पाते आत गेले, म्हणजे मिलिमीटरचे पंधरा शतांश. वर्षभरात चाळीसचे जाऊ लागले. चार महिन्यांपूर्वी मी भेगेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवली. भेग हलली तर काच तुटते. काढलेल्या तुकड्याच्या जागी कॅलेंडर टांगले. रोज सकाळी चहा झाला की कॅलेंडर बाजूला करून काच बघतो. काच शाबूत आहे, तेव्हा सगळे ठीक आहे, असे स्वतःला सांगून पेपर वाचायला बसतो.

गच्चीवरची पाण्याची टाकी मी अर्ध्याच्या वर भरू देत नाही. गुपचूप मोटार बंद करतो. तनुजा म्हणते, “आप्पा, पाण्यात पण कपात?” मी हसतो. गेल्या वर्षी नातीच्या वाढदिवसाला तिने गच्चीवर साठ माणसे बोलावली होती. मी आदल्या दिवशी केकच्या किमतीवरून भांडण उकरून काढले आणि कार्यक्रम मोडला. नात रडून झोपली. तनुजा महिनाभर माझ्याशी बोलली नाही. पोरी, मला केक दिसत नव्हता. मला साठ माणसे, साठ किलोची एकेक, छत्तीसशे किलो दिसत होते.

मग सांगितले का नाही, असे कोणीही विचारील. सांगितले तर रणजीत म्हणेल, “आप्पा, माहीत असून?” या तीन शब्दांना माझ्याजवळ उत्तर नाही. मेल्यावर सांगितले की उत्तर द्यावे लागत नाही. हे मृत्युपत्र करण्यामागचे खरे कारण एवढेच आहे.

कलम ३. हत्यारे. माझा मायक्रोमीटर, व्हर्नियर आणि लाकडी पेटी पूनमला द्यावी. लहानपणी आपल्या वेणीतला केस मायक्रोमीटरमध्ये धरून ‘आप्पा, सात!’ म्हणजे सात शतांश, असे ओरडणारी तीच होती. रणजीतला हत्यारांची आवड नाही, तो चाकणला कॉम्प्युटरवर गाड्यांची मोजमापे करतो. फीलर गेज कोणालाच देऊ नये. माझ्याबरोबर जाळला तरी चालेल, जळणार नाही ते वेगळे.

कलम ४. जुने देणेघेणे, पैशाचे नव्हे. दरवाजा घासू लागला तेव्हा रणजीतने भर गल्लीत नवनाथला धरले. “माल खाल्लास, म्हणून घर बसतंय,” म्हणाला. मी चहाचा कप घेऊन दारात उभा होतो. नवनाथने माझ्याकडे पाहिले. त्याला वाटले मी बोलेन. मी बोललोही. म्हणालो, “माणूस पारखण्यात आपली चूक झाली.” चोराच्या उलट्या बोंबा यालाच म्हणतात. त्यानंतर आमच्या गल्लीतली दोन घरांची कामे त्याच्या हातून गेली. त्याच्या कामात एक पोते सिमेंटही कमी नव्हते. त्याने बांधलेल्या भिंतीला ओळंबा लावला तर आजही सरळ उतरेल. माझ्या दहाव्याला रणजीतने हे कलम गल्लीत मोठ्याने वाचावे आणि नवनाथला समोर पाटावर बसवावे.

कलम ५. कौशल्याबाई. तिला द्यायला माझ्याकडे वेगळे काही नाही. तिच्या पाटल्या तिच्याच आहेत. मागच्या खोलीत, त्या कॅलेंडरखाली, ती दुपारची लवंडते. मी तिला तिथून उठवायला रोज नवे कारण शोधतो.

(येथपर्यंतचा मजकूर रविवार, दि. ९ फेब्रुवारी २०२५ रोजी लिहिला. पाकिटात घालून वकिलांकडे द्यायचा होता. पुढचा मजकूर गुरुवारी, दि. १३ रोजी लिहीत आहे. जागा वेगळी असल्यामुळे अक्षर वाकडे आले आहे.)

कलम ६. आज सकाळी कॅलेंडर बाजूला केले. काच तुटली होती. सरळ, मधोमध. मी गेज काढला आणि चाळीसच्या पुढची पाती एकेक करून भेगेत घालू लागलो. मागे कौशल्याबाई कधी येऊन उभी राहिली मला कळले नाही.

“काय हाय त्ये?”

मी सगळे सांगितले. रविवारी लिहिलेले कागदही तिच्या हातात दिले. तिने ते वाचले नाहीत. म्हणाली, “मेल्यावर सांगनार व्हता व्हय? आन् तवर आमी जित्ती ऱ्हानार, ह्ये कुनी लिहून दिलं तुमास्नी?”

पन्नास वर्षांच्या संसारात तिने माझ्यावर आवाज चढवलेला मला आठवत नाही. आजही चढवला नाही. ती जिन्याशी गेली आणि तिथून मात्र अशी हाक मारली की तनुजा नातीची वेणी अर्धी सोडून तिला उचलून खाली आली. रणजीत ड्यूटीला निघाला होता, तो फाटकातून परत फिरला. मग कौशल्याबाईने नवनाथला फोन लावला. त्याचा नंबर तिच्याकडे होता. दर दिवाळीला ती त्याच्या बायकोला फराळ पाठवत होती, हे मला आज कळले.

रणजीतने खांब पाहिला, काच पाहिली आणि विचारले, “आप्पा, माहीत असून?”

मी म्हणालो, “हो.”

 वरचे वजन उतरावे म्हणून तो टाकीचा कॉक उघडायला गच्चीवर धावला. मी खालून ओरडत होतो की तू वर जाऊ नकोस. पोटचा पोर माझ्या कपातीवर चढून गेला होता आणि माझ्या हातात काचेचा तुकडा होता. तो पायरीपायरीने खाली उतरेपर्यंत माझे काय झाले ते लिहिता येत नाही.

लक्ष्मणरावांच्या दाराशी मी स्वतः गेलो. बावीस वर्षांनी पहिला शब्द. “लक्ष्मण, समद्यांना घिऊन भायेर ये. माझं घर भरवशाचं न्हाई.”

तो दाराला धरून उभा राहिला. “भिंत कुनाची?”

“निम्मी तुजी. पयल्यापासनं.”

“मंग बावीस वर्सं—”

“त्ये मागनं बोल. आदी भायेर ये.”

तो आला, सुनांना आणि नातवंडांना घेऊन आला.

नवनाथ तळवड्याच्या साइटवरून लोखंडी टेकू टेम्पोत टाकून घेऊन आला आणि मागच्या खोलीत तुळईखाली लावत सुटला. विजयश्री मॅडम दुपारी आल्या.  म्हणाल्या, दुसरा मजला उतरवावा लागेल, मग खांब, आणि खालचे घर वाचेल की नाही ते तपासल्यावर सांगेन. आज शब्द देत नाही.

कलम ७. सबब कलम १ मध्ये पुढीलप्रमाणे बदल करतो. दुसरा मजला पाडावा. पूनमला दिलेली ठेव या कामात आणि लक्ष्मणरावांच्या घराच्या तपासणीत खर्च करावी, आणि हे माझ्या मरणाची वाट न पाहता उद्यापासून करावे. बातमी कळताच पूनम पिंपळे सौदागरहून गाडी घेऊन आली होती, तिला गाडीजवळ गाठून मी हे सांगितले. ती म्हणाली, “आप्पा, ठेव जाऊ द्या. आईला आधी गाडीत बसवा.” त्यानंतर जे उरेल ते रणजीतचे. काही उरले नाही तर मोकळी जागा रणजीतची.

विजयश्री मॅडम लेखी देतील तेवढेच करावे. त्यात कोणीही, कोणत्याही कारणाने, एका सळईचीही कपात करू नये. पैसे कमी पडले तर सागवानी दरवाजा आधी विकावा.

कलम ८. कलम ४ मध्ये दहाव्यापर्यंत थांबायला सांगितले होते. ते रद्द. तो मजकूर आज चार वाजता मी स्वतः गल्लीत उभा राहून वाचला. पाट नव्हता, नवनाथ सिमेंटच्या पोत्यावर बसला होता. वाचून झाल्यावर तो इतकेच म्हणाला, “काका, पानी प्या.” रणजीतने त्याच्यापुढे हात जोडले.

कलम ३ मध्ये कोणालाच देऊ नये म्हटलेला फीलर गेज तनुजाला आजच दिला, पुढे भेगा तिनेच मोजाव्यात म्हणून. तिने तो घेतला. वाढदिवसाबद्दल मी क्षमा मागितली, तिला ती करता आली नाही. तिचे बरोबर आहे.

कलम ९. साक्षीदार. वकिलांनी सुचवलेले दोन्ही साक्षीदार मी बदलले आहेत. माझ्या कपातीला ज्या दोघांनी नाही म्हटले होते, त्यांनाच सही करण्याची विनंती केली. नवनाथने पेन हातात घेतले आणि परत ठेवले. म्हणाला, “सही करतो काका. पर आदी समदं घर एकडाव बघून येतो. कुनी ऱ्हायलं असंल.” मॅडमनी त्याला टेकूंच्या बाजूनेच जायला सांगितले. तो जाऊन येईपर्यंत आम्ही सगळे थांबलो.

लिहून ठेवणार: दत्तोबा सयाजी पांढारकर

साक्षीदार:
१. नवनाथ अंबादास घुले, गवंडी, राहणार तळवडे
२. विजयश्री देवकर, इंजिनिअर, राहणार चिंचवड

ठिकाण: आकुर्डी गावठाण, मारुतीच्या देवळाचा ओटा
दिनांक: १३ फेब्रुवारी २०२५, सायंकाळी साडेपाच

लिहून ठेवणाऱ्याने आम्हा दोघांसमोर सही केली व आम्ही त्याच्यासमोर केली. सही होतेवेळी कलम १ मधील मिळकतीत कोणीही नव्हते. साक्षीदार क्रमांक एक याने तिन्ही मजल्यांवर, प्रत्येक खोलीच्या दाराशी उभे राहून हाका मारल्या. कोणी ओ दिली नाही.