मरता मरता दिलेली माफी

शंकर नगर, रायपूर
४ नोव्हेंबर २०२५

चि. देवीदास,

तुला, शांताला आणि नवरदेवाला आशीर्वाद. इकडे सुशीला बरी आहे. मी तर जरा जास्तच बरा आहे, ते पुढं सांगतो.

पुष्करच्या लग्नाची पत्रिका पोचली. छपाई चांगली आहे. दादा फोन सोडून पत्र काहून लिहून राहिला, असं तुला वाटेल. फोनवर तू रडतोस, मग मला 'जाऊ दे' म्हणावं लागतं. कागदावर तसं होत नाही.

आधी तब्येतीचं. कावीळ झाली, वजन उतरलं, सीटीमध्ये स्वादुपिंडाला गाठ दिसली आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या, तिथपर्यंत तुला माहीत आहे. ऑपरेशनची तारीखही ठरली होती. त्याच आठवड्यात तू वर्ध्याहून धावत आलास. आमच्या डॉक्टरीणबाई चेतना मॅडम मात्र अडून बसल्या, की आधी गाठीचा तुकडा तपासू. त्यात कॅन्सर निघाला नाही. निघाल्या त्या माझ्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी, गर्दी करून बसलेल्या.

मॅडमनी चित्र काढून समजावलं. या पेशींचं काम पहाऱ्याचं. बाहेरून जंतू आला की हाणायचा. पण कधी कधी त्यांचं डोकं फिरतं आणि त्या आपल्याच अवयवाला परका समजतात. एक दुसरीला बोलावते, दुसरी तिसरीला, आणि सगळ्या मिळून स्वादुपिंडावर तुटून पडतात. मग ते सुजतं, कडक होतं आणि हुबेहूब कॅन्सरसारखं दिसतं.

मला हसू आलं. मॅडम नागपूरच्या. म्हणाल्या, "काहून हसता, काका?"

म्हटलं, "काही नाही, आमच्या घराण्यातच आहे हे."

बिचारीनं ते फाइलवर लिहून घेतलं आणि विचारलं, कोणाला होतं? तुझं नाव सांगणार होतो, राहू दिलं.

आता स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू आहेत. कावीळ गेली, गाठ जवळजवळ विरली. तोंड सुजून डांगरासारखं झालंय, साखर वाढली, आणि भूक अशी लागते की सुशीला फराळाचे डबे माळ्यावर ठेवते. दुखणं उलटू शकतं, पण लक्ष ठेवलं तर घाबरायचं कारण नाही, असं मॅडम म्हणतात. तेव्हा अडचण अशी झाली आहे, की मी जगणार आहे.

दवाखान्यात तू माझ्या पायांवर डोकं ठेवून म्हणालास, "दादा, मंजिरीच्या लग्नात मी चुकलो. मले माफ कर." मी म्हटलं, "जाऊ दे रे, केलं माफ." तेव्हा मला घाई होती. मरणारा माणूस जड सामान बरोबर घेत नाही.

मंजिरी दारात थर्मास घेऊन उभी होती. पुढं रिपोर्ट आला, जावईबापू पियुष "पापाजी, ऑपरेशन कैंसल!" असं वॉर्डभर ओरडला, पेढे वाटून झाले. घरी आल्यावर पोट्टीनं विचारलं, "बाबा, काकाले तुम्ही माफ केलं, पण ते तुमचं होतं काय द्यायले?"



तू लग्नाला आला नाहीस, एवढंच असतं तर मी गिळलं असतं. पण तू वर्धा, नागपूर, अमरावती सगळीकडे फोन फिरवलेस, 'दादा पोट्टी परजातीत, साहूंच्या घरी देऊन राहिला, कोणी जाऊ नका.' कोणी आलं नाही. मंजिरी मुंडावळ्या बांधून सारखी फाटकाकडे बघत होती. तिला सायकल तू शिकवली होतीस रे. तिला वाटत होतं, काका शेवटी येईलच. अखेर पियुषच्या आईनं अभनपूरहून आलेली स्वतःची माणसं उठवून आमच्या बाजूच्या खुर्च्यांवर बसवली, फोटोत रिकामं दिसू नये म्हणून. तो अल्बम मी आजवर उघडलेला नाही.

त्याच बाईनं दवाखान्यात तांदळाचे वाफवलेले फरे डब्यात पाठवले. तू दोनदा मागून खाल्लेस. तिचं नाव काही विचारलं नाहीस. फुलेश्वरी आहे.

आणि आता ही पत्रिका. निमंत्रकांत पहिलं नाव माझं. पाकिटावर मी आणि सुशीला. मंजिरी-पियुषचं पाकीट टपालात मागे राहिलं असेल, म्हणून मी थांबलो. मग सुशीलानं शांताला विचारलं. ती म्हणाली, "ताई, व्याह्यांना मंजिरीच्या लग्नाचं अजून सांगितलं नाही, उगाच चर्चा होईल." म्हणजे अभनपूरचे फरे चालतात, माणसं चालत नाहीत.

राग आला, देवीदास. खूप आला. गोळ्यांनी चिडचिड होते म्हणतात, पण हा राग गोळ्यांच्या आधीचा आहे.

माफी परत घेत नाही. माझ्या वाट्याची होती तेवढी दिली. मंजिरीच्या वाट्याची माझ्याकडे नाही. ती पंडरीला, कापड बाजाराच्या मागे राहते. पियुषच्या दुकानात कोणीही घर दाखवेल. कुंकू-अक्षता घेऊन ये आणि दोघांना तुझ्या तोंडानं बोलाव. ती हो म्हणाली तर आम्ही चौघं येऊ, आणि मी मांडवाच्या दाराशी उभा राहून तुझ्या व्याह्यांना माझा जावई दाखवीन. ती नाही म्हणाली, तरी चहा प्यायला माझ्याकडे ये.

आणि आलाच नाहीस, तर पुष्करला माझा आशीर्वाद सांग. माझ्या खुर्चीवर शांताच्या माहेरचं कोणी बसव, म्हणजे फोटोत रिकामं दिसणार नाही.

तुझा,
अजून बरीच वर्षं वाट पाहू शकणारा,
दादा