चाळीस सेकंद अस्पष्ट

आये, तुझी कॅसेट सापडली. ती हरवली असं मी सगळ्यांना सांगत आलो होतो, पण ती हरवली कधीच नव्हती. माझ्या कपाटात स्वेटरखाली होती. चार घरं बदलली, दर वेळी तो स्वेटर मी स्वतःच्या हाताने बांधून घेतला. बहरीनमध्ये स्वेटर लागतो तो वर्षाचे थोडे दिवस, तेवढे दिवस मी कपाटावर नजर ठेवून असायचो. या जानेवारीत मात्र मी दुपारचा झोपलो असताना माझ्या नातीला थंडी वाजली. उठलो तेव्हा ती माझा स्वेटर घालून पलंगाशी उभी होती आणि तिच्या हातात कॅसेट होती. "आबा, व्हॉट इज धिस?" तिला वाटलं जुनी गाणी असतील. मी झोपेतच बोलून गेलो, "माझ्या आयेचा आवाज आहे." गाणी आहेत म्हणालो असतो तर पुढचं एवढं सगळं झालं नसतं.

ही नात म्हणजे माझ्या मुलाची मुलगी, तुझी पणती. इथेच जन्मली, इंग्रजी शाळेत शिकली, आणि आता इथल्या विद्यापीठात इंग्रजी भाषा आणि भाषाशास्त्र शिकते. पहिल्या वर्षी मी तिला विचारलं होतं, "तुला इंग्रजी येतंच की, मग चार वर्षं काय शिकणार?" ती हसली. म्हणाली, इंग्रजी बोलायला नाही शिकत आबा, माणसं कशी बोलतात ते शिकते. मला काही ते नीट कळलं नाही, मी सहावीत शाळा सोडलेला माणूस. पण तिच्या पुस्तकात मी जिभेचं आणि घशाचं चित्र पाहिलंय, आतून कापून दाखवल्यासारखं, कुठला आवाज कुठून निघतो त्याचे बाण काढलेले. ते चित्र बघून मला धास्ती वाटली होती. जिला एवढं कळतं तिला माणूस खोटं बोलतो तेव्हा काय होतं तेही कळत असेल.

शेवटच्या वर्षी तिला प्रोजेक्ट करायचं आहे. परक्या देशात राहिलेल्या घरात पिढ्यांमागून भाषा कशी बदलते, हा विषय. माझं बोलणं, तिच्या बापाचं, तिचं स्वतःचं. त्यात तू मिळालीस. तिच्या मॅडम फार खूश झाल्या म्हणे. माझ्यासमोर एक इंग्रजी फॉर्म आला. तिने तो मराठीत समजावून सांगितला, "आबा, तुम्हाला नको असेल तो पार्ट तुम्ही कधीपण काढायला सांगू शकता. रीझन पण द्यायला नको." मी सही केली.

तिची कामाची रीत अशी. कॅसेटचा आवाज तिने लॅपटॉपमध्ये उतरवून घेतला. ती तीन सेकंद वाजवते आणि थांबवते. "काय म्हणाल्या?" मी सांगायचं, तिने लिहायचं. तू खोकलीस ते लिहायचं, थांबलीस ते लिहायचं, किती वेळ थांबलीस तेसुद्धा. मागे कोंबडी ओरडली तीही कागदावर आली. पहिली बाजू संपायला बारा दिवस लागले. शेजारच्या कुवेतवाल्याच्या टेपरेकॉर्डरसमोर बसून तू ओरडून बोलतेस, मी समुद्रापलीकडे आहे म्हणून. "फोटू धाडलास त्यात गळ्याची हाडां दिसतत! दुसऱ्यांची ताटां भरतस नि आपून उपाशी ऱ्हातस?" नात खदखदून हसते. "शी इज सो अँग्री!" मुलगा ड्यूटीवरून आला की बूट न काढता दारातच उभा राहून ऐकायचा. त्या बारा दिवसांत मला थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. पण दुसरी बाजू जवळ येत होती आणि माझं जेवण कमी होत चाललं होतं.

दुसऱ्या बाजूला चार मिनिटं झाली की तू ओरडायचं थांबतेस. ती जागा मला ठाऊक होती. नातीने तीन सेकंद वाजवले. मी म्हणालो, "ऐकू येत नाही." पुढचे तीन. "नाही येत." असं करत चाळीस सेकंद. ती बुचकळ्यात पडली. "आबा, पण इथेच तर सगळ्यात क्लिअर आहे. कोंबड्या पण नाहीत." मी मान हलवली. तिने लिहिलं, अस्पष्ट, चाळीस सेकंद.

मला त्यातला शब्द न् शब्द पाठ आहे. तू यंत्राला तोंड लावून हळूच बोललीस, बाहेर धाकटा होता त्याने ऐकू नये म्हणून. "बाला, माला बरा वाटत नाय. पोटातसून रगत जाता. कोनाला बोललंय नाय, तुज्या भावालापन नाय. तू ये. कायपन कर नि ये. लावनी होयपातूर मी थांबतंय."

कॅसेट आली तेव्हा इथल्या मुहर्रक गावातल्या एका खोलीत आम्ही आठ जण राहत होतो. कुणाची कॅसेट आली की सगळ्यांनी मिळून ऐकायची, कुणाचीही आई असो. तुझ्या शिव्यांना सगळे हसत होते. एक जण म्हणाला, "म्हातारीला इकडे आण रे, फोरमन सरळ होईल." आणि तुझा आवाज खाली आला. दोन शब्द ऐकले आणि मी बटण दाबलं. टेप अडकली म्हणालो. दुसऱ्या दिवशी सगळे कामावर गेल्यावर स्पीकरला कान लावून तेवढं ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि बंद केलं. त्याच्या पुढे तू काय बोललीस ते मी आजपर्यंत ऐकलेलं नाही.

तेव्हा मी विमानतळाच्या किचनमध्ये होतो, विमानातल्या जेवणाचे ट्रे लावायचो. मुंबईच्या विमानाचे ट्रे रोज माझ्या हातून जायचे. करार संपत आला होता. माझ्या आधी दोघे जण आई आजारी म्हणून गावी गेले होते, त्यांना परत बोलावलं नव्हतं. मी सुपरवायझरच्या केबिनपर्यंत तीनदा गेलो आणि तीनदा दारातून मागे फिरलो. तो वाईट माणूस नव्हता. कदाचित "यल्ला, जा" म्हणालाही असता. मी विचारलंच नाही, आये. नाही म्हणेल याची भीती होती, आणि खरं सांगायचं तर हो म्हणेल याचीही. तू थांबलीस. भाताची लावणी अर्धी झाल्यावर गेलीस. धाकट्याचं पत्र आलं तेव्हा मी उलट लिहिलं की कॅसेट आत्ता हातात पडली, आणणाऱ्याने उशीर केला. धाकटा अजून सगळ्यांना सांगतो, "त्याला कळलाच नाय, नायतर पळत आला असता." व्हिडिओ कॉलवर माझ्या मुलाला सांगतो, नातीला सांगतो. मी बाजूला बसून मान हलवतो.

तर ते चाळीस सेकंद. नातीने घरात सांगितलं, आबांना कमी ऐकू येतंय. मुलाने लगेच डॉक्टरची वेळ घेतली. आता माझी दोन्हीकडून पंचाईत. कान चांगले निघाले तर कॅसेटचं काय सांगू, आणि खराब निघाले तर ते व्हिसाच्या मेडिकलला आडवं येईल का? मी मुलाच्या व्हिसावर राहतो, असलं काहीही माझ्या डोक्यात येतं. काचेच्या खोलीत बसवलं, कानावर यंत्र घातलं, आवाज आला की बटण दाबायचं. कुठला आवाज सोडावा हे ठरवता ठरवता मी दाबतच सुटलो. डॉक्टरीणबाई काचेपलीकडून हिंदीत म्हणाल्या, "अंकल, अभी तो मैंने आवाज़ दी ही नहीं." कान ठणठणीत निघाले. गाडीत नात म्हणाली, "मग टेपचाच प्रॉब्लेम आहे. चाचांना बोलावू या. तसंही सेकंड पर्सनने चेक करावंच लागतं."

चाचा म्हणजे आपल्या गावच्या खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातला माझा दोस्त. क्लिअरिंग ऑफिसात क्लार्क होता, आता इथल्या नईम भागात मुलाच्या दुकानात बसतो. तुझी बोली समजणारा बहरीनमध्ये माझ्या ओळखीचा तो एकच. आणि तुझी कॅसेट गावाहून घेऊन आलेला माणूसही तोच.

परवा शुक्रवारी नमाजनंतर तो आला. "काय गाववाले, कान तपासलास म्हणे! बायकोचं ऐकलं नाहीस कधी, आता पोरीचं तरी ऐक." सगळे हसले. मीही हसलो असेन. नातीने त्याला हेडफोन दिले आणि सांगितलं, "चाचा, जे ऐकू येईल तेच सांगा. अ‍ॅड काही करू नका." त्याने डोळे मिटून ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "लिही, बेटा." आणि तुझं सगळं बोलणं त्याने हळूहळू सांगितलं, पत्र सांगून लिहून घेतात तसं.

नातीचं लिहून झालं. मुलगा म्हणाला, "ही कॅसेट उशिरा पोचली ना, चाचा? आजी गेल्यावर."

"उशिरा?" तो म्हणाला. "मीच तर आणली. मावशीने हातात दिली. पेटीत नको, खिशात ठेव म्हणाली." मग त्याने माझं तोंड बघितलं आणि थांबला. आये, मला दिसलं, तो माझ्यासाठी खोटं बोलायला निघाला होता. हो, उशीर झाला खरा, असं काहीतरी त्याच्या ओठांवर आलं होतं. ते बघून मी जेवढा घाबरलो तेवढा काचेच्या खोलीतही घाबरलो नव्हतो. मी म्हणालो, "उशिरा नाही. रमजान लागायच्या दोन दिवस आधी मिळाली. मी गेलो नाही. भावाला मी खोटं कळवलं, की आणणाऱ्याने उशीर केला."

मग चाचा म्हणाला, "गावी गेलो नि तुझा भाऊ बाजारात दिसला की तोंड फिरवतो. अडतीस वर्षं. मला वाटायचं, दिवस बदलले, आता आमच्याशी बोलायचं नसेल." त्याचा आवाज चढला नाही. चहा आला तो त्याने पूर्ण प्यायला, साखर कमी आहे म्हणाला. दारात चपला घालताना मात्र म्हणाला, "भावाला फोन तू करायचास. मी नाही करणार." मुलगा त्याला गाडीने सोडायला गेला. परत आल्यावर माझ्याशी जेवणापुरतं बोलला. कालही तेवढंच.

नात जवळ येऊन बसली. "आबा, हा पार्ट काढू?" मला हो म्हणायचं होतं. एवढ्यासाठीच तर सही केली होती. पण माझ्या तोंडून निघालं, "राहू दे." तिने 'अस्पष्ट' खोडलं. मग म्हणाली, "अजून अकरा मिनिटं आहेत. संडेला क्लासवरून आले की ऐकू या?"

आज रविवार आहे. ती तीन वाजता येईल. सकाळपासून भावाचा नंबर दोनदा काढला आणि दोनदा फोन उपडा ठेवला. त्याला आधी काय सांगायचं, कॅसेटचं की दोस्ताचं, तेच ठरत नाही. आणि त्या अकरा मिनिटांची मला जास्त भीती वाटते. तू मला शाप दिला असशील तर तो सोसेन. पण पुढच्या मिनिटाला तू म्हणाली असशील की नको येऊ बाला, तुझी नोकरी जाईल, मी आपली उगाच बोललंय, तर मी काय करू? तू मला मोकळं केलंस एवढं ऐकलं असतं तर तेव्हाच न भिता सुपरवायझरच्या दारातून आत जाऊ शकलो असतो, असं मला उगाच वाटत राहतं.

जाताना नात लॅपटॉप उघडा ठेवून गेली आहे. "आबा, हे रेड बटण. पणजीला काय सांगायचं असेल ते सांगा, मी एंडला लावीन." मी म्हणालो, मला बोलायला जमणार नाही, मी लिहितो. तिला ते फार आवडलं. तिला मी हे सांगितलं नाही की तुला अक्षर ओळखता येत नव्हतं, आणि मी लिहायला बसलो तो त्याच भरवशावर.