बटाट्याचे चार खूर

२ नोव्हेंबर
वीटभट्टीवाल्याने तट्टू फुकट दिलं, असं मी चारचौघांत सांगतो. इथे खरं लिहायला हरकत नाही. फुकटच्या तट्टाची आजवरची किंमत: चष्मा एक, काच आणि दांडी दोन्ही. डाव्या अंगठ्याचं नख. शेडचं दार, बिजागरीसकट. आजपासून नालबंदाची मांडी. शिवाय बायकोचं बोलणं, पण ते अजून चालू असल्यामुळे बेरीज करता येत नाही.

तट्टाचं नाव बटाटा. नातीने ठेवलं. ती नऊ वर्षांची, तो सहा.

बटाट्याचे खूर वाढून पुढून वर वळलेत, जुन्या चपलेसारखे. भट्टीवर म्हणे चारही पाय दोरीने बांधून, आडवा पाडून तासायचे. त्यामुळे पायाला हात लागला की हा समजतो, आता पाडणार. आज नालबंदाने मागचा पाय धरला आणि पुढच्याच क्षणी तो भिंतीशी बसून मांडी चोळत होता. म्हणाला, काका, महिनाभर असंच राहिलं तर हा उभा राहायचा नाही. आणि असं जनावर एकदा बसलं की उठत नाही, मी पाहिलंय. जनावरांच्या डॉक्टरीणबाई गुंगीचं इंजेक्शन द्यायला तयार नाहीत, बटाट्याची छाती कमजोर आहे. नालबंद २३ला परत येणार, मग तीन महिने फिरतीवर. तोवर त्याला पाय हातात द्यायला शिकवा, म्हणाला. एक लाथ खाल्ली, दुसरी वाढू नका.

नात रडली. मी शब्द दिला. २३ला पाय मी धरणार, नालबंदाने फक्त कानस चालवायची. सोळाव्या वर्षी फुटपाथवर गाद्या शिवायला बसलो, आज सोफ्याचा कारखाना आहे, बावीस कारागीर. माझ्या हाताखाली आलेला एकही जीव आजवर मला घाबरलेला नाही.

३ नोव्हेंबर, सकाळी ६
प्लॅन तयार. आधी दाम, मग काम. कारखान्यात मी सोमवारी सकाळीच आठवड्याचा अ‍ॅडव्हान्स देतो. माणूस मिंधा होतो, शनिवारपर्यंत मान खाली घालून खिळे ठोकतो. तट्टू काय वेगळं? आधी गाजर, मग पाय.

४ नोव्हेंबर
गाजर खाल्लं. पाय दिला नाही. पहिलाच दिवस.

५ नोव्हेंबर
अ‍ॅडव्हान्स वाढवला. चार गाजरं. तोंड चालू असतानाच पाय धरला. त्याने अर्धं गाजर टाकलं आणि मला पाण्याच्या टाकीपर्यंत नेलं. प्रगती आहे, कारण पाय माझ्या हातात पूर्ण दोन सेकंद होता. (नात म्हणते, आजोबा, तुम्ही त्याच्या पायात होतात.)

८ नोव्हेंबर
गाजर दिसलं की कोपऱ्यात जातो. पोट बिघडलं असावं.

९ नोव्हेंबर
पोट ठीक आहे. माझे कान तिखट आहेत. कारखान्यात हातोडीच्या आवाजावरून ओळखतो कोण ठोकतंय आणि कोण नुसतं वाजवतंय. स्वयंपाकघरातून बायको नातीला हळू आवाजात सांगत होती: अगं, गाजर आलं की पाठोपाठ तुझे आजोबा पाय ओढतात, एवढं त्या मुक्या जिवाला कळतं. त्यांनी त्याला गाजराची भीती शिकवली.

गाजराची भीती! उद्यापासून सफरचंद.

११ नोव्हेंबर
सफरचंदालाही घाबरतो.

१२ नोव्हेंबर
रिकाम्या पिशवीलासुद्धा. बाजाराला निघालो तर कुंपणापलीकडून थरथरायला लागला.

१३ नोव्हेंबर
घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते कळलं. भीती त्याला नाही, मला आहे, आणि जनावराला ती समजते. मला लागणार नाही याची खात्री झाली की प्रश्न मिटला. कारखान्यातून चार इंची फोम आणला. छाती, मांड्या, नडग्या गुंडाळून वर रेक्झिन शिवलं, मरून रंगाचं, शिवण दुहेरी. काम अव्वल. बायकोने दारात पाहिलं आणि विचारलं, अहो, आता तुमच्यावर कुणी बसायचं का?

संध्याकाळ
बटाटा कुंपण तोडून गेला. दोन तास शोधला. फोममध्ये पळता येत नाही.

१५ नोव्हेंबर
दुपारी बटाटा खाली बसला. मी दारात उभा राहून ओरडलो, ऊठ! उठला, पण आधी पुढचे गुडघे टेकून, मग थांबून, मग मागचं अंग. उजवा पुढचा पाय पुरा टेकत नाही. आठ दिवस उरले.

नात जेवली नाही. मी तिला म्हणालो, काळजी करू नकोस, आजोबांनी शब्द दिलाय. ती म्हणाली, म्हणूनच.

उलट्या बादलीवर बसून राहिलो. भट्टीवाल्याने इतका दुखावलेला जीव कसा सुधारायचा, कुणाला माहीत. मी अ‍ॅडव्हान्स दिला, गोड बोललो, दिवसभर समजावलं. माझा आवाज थोडा मोठा आहे, मशीनच्या वर काढायची सवय. पण शब्द मायेचे होते.

१७ नोव्हेंबर
खिडकीतून पाहिलं. बायको खरारा करत होती. काही न बोलता. खांद्यावरून हात खाली, गुडघ्यापर्यंत, परत वर. मग आणखी खाली. खूर बोटभर उचलला, नातीने पाच मोजले, आणि त्याने ओढायच्या आत बायकोने स्वतःच खाली ठेवला. त्यानंतर मान खाजवली. गाजर नातीच्या खिशातून, सगळ्यात शेवटी.

मजुरी शेवटी! एवढ्या अविश्वासावर कोण काम करेल? आणि पाच आकड्यांत काय होतंय, खूर तासायला दहा मिनिटं लागतात. तिला बोललो नाही. मन मोडायचं नव्हतं.

१९ नोव्हेंबर
तीसपर्यंत मोजतात. बटाट्याने जांभई दिली. दोन आठवड्यांत मी पाया घातला, त्याचं फळ आता दिसतंय. बायकोला तसं सांगितलं. ती म्हणाली, हो, आणि मग कितीतरी वेळ भांडी घासत राहिली. भांडी दोनच होती.

२१ नोव्हेंबर
रंगीत तालीम मीच घ्यायची ठरवलं. शब्द माझा आहे, पाय मीच धरणार. बायको म्हणाली, अहो, दोन दिवस फक्त लांब राहा, पाया पडते. मी म्हणालो, मालक कोण आहे? फोम घातला नाही, पिशवी नेली नाही. हसत हसत गेलो, हाक मारली, पाय उचलला.

संध्याकाळ
पाठ टेकवत नाही, म्हणून उभ्याने लिहितोय. मला लागलं त्याचं काही नाही. बटाटा बाजूला सरकताना त्याच उजव्या पायावर भिंतीला आपटला. आता तो पाय अधांतरी धरून उभा आहे. बायको जवळ गेली, तर तिच्यापासूनही पहिल्यांदा तोंड फिरवलं.

नातीने शेडच्या दाराला आतून कडी घातली. मी म्हणालो, अगं बाळा, मी आहे. आतून आवाज आला, माहितीये.

२२ नोव्हेंबर
दोघी सकाळपासून शेडमध्ये. मी भिंतीपलीकडे, श्वास रोखून. एक, दोन, तीन, आणि खुराचा आपटल्याचा आवाज. पुन्हा एक, दोन. आपट. दुपारी कधीतरी पाच. संध्याकाळी नऊ. माझा हा तिखट कान आज नसता तर बरं झालं असतं.

नालबंदाला फोन केला, दोन दिवस थांब. म्हणाला, काका, गाडी भरलीये. उद्या नाहीतर फेब्रुवारीत. फेब्रुवारीत मला बोलवायची गरज उरणार नाही.

रात्री बायकोला विचारलं, उद्या मी काय करू? इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा विचारलं असेल. ती म्हणाली, काही नाही. जमेल का?

मी म्हणालो, न जमायला काय झालं.

२३ नोव्हेंबर
नालबंद दहाला आला, तोवर दोघी पहाटेपासून शेडमध्ये मोजत साठावर पोचल्या होत्या. पाय बायकोने धरले. नात डोक्याशी उभी राहून मोजत होती, आकडा तीनशेच्या पुढे गेलेला मी ऐकला. चारही खूर झाले. पंचेचाळीस मिनिटं लागली. बटाटा एकदाच बिथरला, मी भिंतीवरून डोकावलो तेव्हा.