चंद्रीसाठी शंभर टक्के नैसर्गिक गोठा

४ ऑक्टोबर १९९८, सांडोर
पावसाळ्यात जुना गोठा पडला ते बरंच झालं. नवा गोठा शंभर टक्के वाडीतल्या मालाचा. आपले बांबू, आपल्या झावळ्या, माती, शेण. सिमेंट-पत्रा नको. नैसर्गिक बांधकामाच्या शिबिरात दोन दिवसांत सगळं शिकलोय. तोवर चंद्री शेजारी ऑगस्टीनच्या पत्र्याच्या गोठ्यात. पंधराच दिवस. सरलाच्या माहेरची गाय, त्यात गाभण. सरलाला शब्द दिलाय, वसुबारसेला चंद्री आपल्या दारात.

७ ऑक्टोबर
बांबू तोडले. ऑगस्टीन कुंपणावरून म्हणतो, दोन महिने बावखलात टाक रे, पान्यात मुरले नाय तर भुंगा खाईल. दोन महिने! याला प्लॅनिंग कळत नाही. पाठ धरली.

१६ ऑक्टोबर, वसुबारस
चार खांब उभे. एक कलता आहे, पण निसर्गात सरळ काही नसतंच. सरला पूजेचं ताट घेऊन ऑगस्टीनकडे गेली. त्याच्या थेरेसाने बसायला खुर्ची दिली म्हणे. आल्यावर ताट ठेवून सरळ आडवी झाली. दमली असेल.

८ नोव्हेंबर
खिळे नाहीत म्हणजे नाहीत. सगळं केळीच्या सोपटाने बांधलंय. वाळलं की सैल होतं. रोज सकाळी पुन्हा बांधतो. तेवढाच व्यायाम.

२९ नोव्हेंबर
खांबांखाली पिवळी पावडर. बांबू सुकतोय, चांगलं लक्षण.

३० नोव्हेंबर
पुन्हा पावडर. कान लावला, आत कुरकुर. शिबिरवाल्यांना फोन केला. ते आता सौरचूल शिकवतात. सरला म्हणाली, चंद्रीचे दिवस भरत आले, पत्रे आणा. म्हटलं, नाताळापर्यंत थांब. कंटाळा आलाय, पण हे तिला कशाला सांगा.

२० डिसेंबर
झावळ्या चढवल्या. आत एकटाच बसलो. काय गार सावली! बघायला कोणी आलं नाही.

२७ डिसेंबर, सकाळी ११
गोठा बसला. वारासुद्धा नव्हता. ऑगस्टीन आला, गुपचूप झावळ्या ओढू लागला. दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. फार वाईट वाटलं.

३ जानेवारी १९९९
चंद्री व्याली. कालवड. सरला पहाटेपासून तिकडेच होती. दुपारी थेरेसाकडून खरवस आला. आपल्या गायीचा, त्यांच्या डब्यात. छान झाला होता. सरलाने सांगून टाकलं, चंद्री त्यांनाच दिली, तिथे सुखात आहे. आपल्याला पुढच्या सोमवारपासून अर्ध्या लिटरचा रतीब. किटली घेऊन मी जायचं.